शिलावतीची धूळ आणि वेलापूरचे शीड

पूर्वी शिलावती नगरीत विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्याच्या घरी जन्मले आणि पुढे सुनय या नावाने राजाचे अमात्य झाले.

शिलावती मैदानात वसली होती. तीन पिढ्यांपूर्वी उत्तरेच्या खिंडीतून आलेल्या घोडेस्वारांनी ती जाळली होती. तेव्हापासून दूरवर धूळ उठली की तिथले विणकर माग सोडून उभे राहत. तिचे मित्रराज्य वेलापूर समुद्रकाठी होते. एकावर संकट आले तर दुसऱ्याने धावून जायचे, असा दोघांचा करार होता.

एका वर्षी खिंडीपलीकडे घोडेस्वारांनी तळ दिला. विजितसेनाने वेलापूरकडे पाचशे धनुर्धर मागितले. तिथला राजा तरंगपाल याने उलट निरोप धाडला, "ते तर आमच्या मिठाचे गिऱ्हाईक. दर वर्षी येतात आणि जातात. आमच्या किनाऱ्यासमोर मात्र अनोळखी गलबते फिरत आहेत. तुम्हीच माणसे पाठवा."

"गलबतांना काय भ्यायचे?" विजितसेनाचा सेनापती उग्रदत्त हसला. "ती माल घेऊन येतात."

राजा संतापला होता. त्याने बोधिसत्त्वांपुढे एक पत्र ठेवले. घोडेस्वार वेलापूरही लुटणार, असे त्यात त्यांच्या सरदाराच्या नावाने लिहिले होते. अक्षर राजाच्याच लेखकाचे होते.

"हे तरंगपालाला दाखव. धनुर्धर आणलेस तर शंभर गावे तुझी. रिकाम्या हातांनी आलास तर अमात्यपद सोड."

"महाराज, पत्र इथेच राहू द्या," बोधिसत्त्व म्हणाले. "फसवून आणलेला मित्र पुन्हा येणार नाही. मी तसाच जातो."

वेलापुरात ते शुभला नावाच्या वृद्ध नावाडणीकडे उतरले. दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रात एक शीड दिसले. गल्लीतले बोलणे एकदम थांबले. धूर दिसू नये म्हणून शुभलेने अर्ध्या शिजलेल्या भाताखालच्या चुलीत पाणी ओतले आणि नातींना आत ढकलले.

"आई, व्यापारी असतील," बोधिसत्त्व म्हणाले.

"असतील. माझ्या दोन मुलींना नेलं, तेही व्यापारीच वाटले होते."

शीड निघून गेले. तिने चूल पुन्हा पेटवली.

त्यानंतरच्या दिवशी बोधिसत्त्व तरंगपालाच्या सभेत म्हणाले, "आम्ही तुमच्या भीतीला हसलो. काल ती मी पाहिली. आमची भीतीही तशीच आहे. घोडेस्वार तुमच्यावर येतील असे मी म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. पण तुमचे मीठवाले त्यांच्या तळावर जातात. त्यांनी काय पाहिले तेवढे विचारू द्या."

कर्णिल नावाचा मीठवाला पुढे आला. "विशेष काही नाही, महाराज. घोडे पुष्कळ होते. या खेपेला बायकामुलं नव्हती, शेळ्याही नव्हत्या. मीठ थोडंच घेतलं."

सभेत कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.

"हे शिलावतीत सांगितले असते," बोधिसत्त्व म्हणाले, "तर बाजार क्षणात ओस पडला असता. हे लोक बायकामुले मागे ठेवून निघतात ते फक्त लढायला."

तरंगपालाने कर्णिलाला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग त्याने विचारले, "आणि आमच्या किनाऱ्यासमोरची गलबते?"

"माझ्या राजाच्या वतीने वचन देण्याचा मला अधिकार नाही. पाहिले ते मात्र मी त्यांना सांगेन."

तरंगपालाने धनुर्धर दिले. घोडेस्वार दोनदा खिंडीवर चालून आले आणि दोन्ही वेळा मागे हटले. वेलापूरचे एकतीस जण तिथे पडले, आणि पुढे दोन वर्षे त्या बाजूला मीठ विकले गेले नाही.

बोधिसत्त्वांनी शुभलेच्या गल्लीत पाहिलेले सारे विजितसेनाला सांगितले. मग राजाने उग्रदत्ताला तीनशे माणसे देऊन किनाऱ्यावर पाठवले. हिवाळा संपेपर्यंत ते तिथे राहिले. एकही गलबत काठाला लागले नाही.

"काय पाहिलेस?" उग्रदत्त परत आल्यावर राजाने त्याला विचारले.

"भिण्यासारखे मला काही दिसले नाही, महाराज. तिथल्या बायकांना दिसत होते, म्हणून बसून राहिलो. आम्ही असताना त्या चुली विझवत नव्हत्या."

राजाने शंभर गावे देऊ केली, तेव्हा बोधिसत्त्वांनी ती पडलेल्या एकतीस जणांच्या घरच्यांना देववली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा विजितसेन म्हणजे आजचा आनंद, तरंगपाल म्हणजे सारिपुत्त, उग्रदत्त म्हणजे मोग्गल्लान, शुभला म्हणजे उप्पलवण्णा, आणि सुनय अमात्य मीच होतो. मित्राला खोटे भय न दाखवता, त्याच्या दाराशी बसून त्याचे खरे भय समजून घेतले, ती त्या जन्मातली माझी प्रज्ञा."