मध्याला हात लावा

फार फार पूर्वी एका लांबट तळ्याच्या दोन काठांवर कोळ्यांच्या दोन वस्त्या होत्या. दोन्हींचे पंच एकच आणि नियमही एकच: चावडीवर ज्याचं नाव घ्यायचं, त्याला हात लावून दाखवायचं. मासा म्हणालात तर मासा आणा. होडी म्हणालात तर सगळी चावडी उठून काठावर.

नियम वाईट नव्हता. पुण्य विकत फिरणारा एक बुवा, 'पुण्याला हात लावून दाखव' म्हणताच पळाला होता. पण म्हाताऱ्यांचं एक असतं. एकदा जिंकले की जन्मभर तेच हत्यार परजत बसतात.

तळ्याच्या मध्यापर्यंत आपलं, पलीकडे त्यांचं, असं दोन्ही वस्त्या धरून चालत. एके वर्षी मोठ्या पंचांचा पुतण्या मध्य ओलांडून पार समोरच्या काठापर्यंत जाळी टाकू लागला. त्या काठावर एक तरुण कोळीण लहान लेकरांना घेऊन राहायची. तिच्या जाळ्यात शेवाळ तेवढं यायला लागलं. ती चावडीवर गेली.

"यानं मध्य ओलांडला."

"लाव हात मध्याला," मोठे पंच म्हणाले.

"मध्याला हात कसा लावू, आबा?"

"म्हणजे मध्य नाहीच. जे नाही ते ओलांडणार कसं? जा घरी, पोरी."

सगळ्या पंचांनी माना डोलावल्या. त्याला अक्कल लागत नाही, वय पुरतं.

बाई हलली नाही. "बरं. मग तुमच्या अधिकाराला हात लावून दाखवा. पागोटं दिसतं, पिकल्या मिशा दिसतात. अधिकार कुठाय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पंचांचा हात पागोट्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

"आम्ही तुम्हाला पंच धरून चालतो, कारण त्यानं तंटे मिटतात," बाई म्हणाली. "मध्याचंही तसंच. काठापासून काठापर्यंत दोरी ताणू. ती दुमडून घडीवर गाठ मारू. पुन्हा ताणल्यावर गाठ जिथं येईल, त्याला मध्य म्हणू. मग याची होडी अलीकडे की पलीकडे, ते तुमच्या अधू डोळ्यांनाही दिसेल."

"पण मध्य खरंच आहे की नाही, ते आधी सांग!"

"ते विचारून मासा मिळतो का, आबा? मध्य धरला तर तंटा मिटतो का, तेवढं विचारा."

दोरी ताणली. पुतण्याची होडी गाठीच्या पार पलीकडे दिसली. त्यानं मुकाट्यानं जाळी गुंडाळली आणि बाईच्या चुलीवर पुन्हा कालवण रटरटू लागलं.

खुणेसाठी गाठीखाली बांबू रोवला. पंच होडीत बसून गेले, बांबूला कवटाळून ओरडले, "सापडला मध्य!" पुरात बांबू वाहून गेला, तेव्हा हेच शहाणे सुतक धरून बसले. बाईनं दोरी काढली आणि पुन्हा ताणली.

मग नियमात भर पडली: हात लावता येत नसेल, तर ते मानल्यानं काय कळतं ते दाखवा.

हे ऐकून पुण्यवाला बुवा मोठ्या आशेनं परत आला. बाईनं विचारलं, "तुमचं पुण्य घेतलेला आणि न घेतलेला, यांच्यात फरक कुठं बघायचा, महाराज?" बुवा आल्या वाटेनं गेला. दोन्ही काठ पोटभर मासे खाऊन सुखानं राहिले.

बोध: न दिसणारी गोष्ट आहे की नाही यावर डोकी फोडू नका, ती मानल्यानं काय स्पष्ट दिसू लागतं, ते बघा.