मुरघासाचा कोपरा

"मग कमी काय पडलं, बाबा? गूळ, की मीठ?"

विश्वंभर विचारत होता. केदारगिरी बाबा गोठ्याच्या दाराशी बसले होते. मठाच्या बारा गाई. नवा चारा खाऊन तीन दिवसांत चार मेल्या.

विश्वंभर हा मठातला शिकलेला शिष्य. कणसं काढल्यावर मक्याची हिरवी ताटं लोक बांधावर वाळू देतात. त्याने त्यांची कुट्टी करून महिन्याच्या अंतराने दोन खड्डे भरले. थराथरावर गुळाचं पाणी, मीठ आणि चारा नीट आंबावा म्हणून पुडीतली पावडर. वर प्लास्टिक, त्यावर माती. कुट्टी घट्ट तुडवायची आणि पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही; आत हवा गेली की बुरशी धरते. असा मुरघास पंचक्रोशीत कुणी केला नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नव्हता.

"सगळं मापात घातलं होतं," तो म्हणाला. "पुडीच खोटी निघाली."

"पुडीला तोंड नाही, हे तुझं बरं आहे."

विश्वंभर त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"मुदतीआधी किती वेळा उघडलास?"

"उघडला नाही, बाबा. नुसता कोपरा उचलायचो. दर्शनाला कुणी आलं की... वास दाखवायला."

"किती जणांना?"

"मोजले नाहीत."

"मलाही दाखवलास."

"दोनदा. तुम्ही चांगला आहे म्हणालात."

"म्हणालो..."

बाबांनी काठीने मातीत एक रेघ ओढली.

"आणि मुदतीनंतर उघडला तेव्हा बुरशी दिसली नाही तुला?"

"दिसली. वरची खरवडून टाकली, खालचा घातला. चार गावची माणसं बघायला बोलावली होती, बाबा. त्यांच्यासमोर खड्डाच्या खड्डा कसा फेकून देऊ?"

गोठ्यात उरलेल्या आठ गाई रिकामी गव्हाण चाटत होत्या. कडबा दहा दिवसांचा होता. दुसरा खड्डा उकिरड्यामागे, तिकडे कुणी फिरकत नसे. त्याला अजून एकोणीस दिवस हवे होते.

विश्वंभरने विळा उचलला.

"कुठं?"

"दुसरा बघतो. एकदाच. त्यातही तेच झालं असेल तर..."

बाबांनी अडवलं नाही. काठी टेकत उठले आणि उकिरडा सोडून कडुनिंबाकडे चालू लागले. विश्वंभरला मागे जावं लागलं.

निंबाखाली चार गाई पुरल्या होत्या. माती दगडासारखी घट्ट. वर बाभळीच्या फांद्या.

बाबांनी काठी आपटली. काठी रुतली नाही.

"कुणी तुडवली?"

"मीच. सकाळपासून दुपारपर्यंत."

"मुरघास किती वेळ तुडवलास?"

"तासभर."

"आणि या फांद्या?"

"कुणाला दिसू नये... कुत्र्यांनी उकरू नये म्हणून."

"कुत्र्यांनी."

विश्वंभरची मान खाली गेली. विळा त्याने तिथेच मातीवर ठेवला.

गोठ्यातून एक गाय हंबरली. मग दुसरी.

"बाबा, या आठ जणींना घालू काय?"

"कडबा अर्धा कर. पाणी पाज."

बाबांनी वाकून फांद्या एकेक करून बाजूला ओढल्या. काटा लागला, हात रक्ताळला. ते थांबले नाहीत. विश्वंभर पुढे झाला, तसं त्यांनी त्याला मागे सारलं. शेवटची फांदी निघाल्यावर ते म्हणाले,

"उद्यापासून दर्शनाला येईल त्याला आधी इथं आण."