हार घातलेली खुर्ची

एकदा एका मोठ्या कारखान्याच्या कचेरीत असं घडलं, की वीज होती, माणसं होती, संगणक चालू होते, आणि अर्ज मात्र जागचे हलेनात.

तिथे कागद फिरवायला शिपाई लागत नसे. कामगाराने संगणकावर अर्ज भरला, की सर्व्हर आपला आपण तो साहेबांपुढे ठेवी, त्यांची संमती घेई आणि दूरच्या मुख्य कचेरीत पोहोचवी. आता अर्ज अर्ध्या वाटेत थबकत आणि पडद्यावर दोनच शब्द उमटत: ‘परवानगी नाही’.

सर्व्हर सांभाळणारा तरुण हुशार होता. त्याने सर्व्हर बंद करून चालू केला. मग साहेबांना परवानग्या दिल्या, कामगारांना दिल्या, दिसेल त्याला दिल्या. अर्ज ढिम्म.

त्याच्या दाराबाहेर प्रमिला धुमाळ बसून होती. लेथवर काम करणारी बाई. तिची लेक आजोळी वाढत होती, आणि आजोळच्या गावाजवळच्या शाखेत एक जागा रिकामी झाली होती. बदलीचे अर्ज त्या दिवशी पाचला बंद होणार होते. हुकलं, तर आणखी वर्षभर लेकीला आई फोनवरच.

“साहेब, निघाला का हो माझा अर्ज?” तिने दारातून विचारलं.

“निघेल, ताई.”

“सकाळपासून निघतोयच. एवढ्यात मी चालत पोहोचले असते.”

शेवटी तरुणाने आपल्या गुरूंना फोन केला. उभा जन्म सर्व्हरच्या सेवेत घालवलेले हे वृद्ध गृहस्थ आमच्या अगदी भिंतीला भिंत लागून राहतात आणि फोन स्पीकरवर लावून बोलतात, त्यामुळे हाक आम्हालाही ऐकू आली. पुढचं सगळं मग त्यांना चहाला बोलावून काढून घेतलं.

ते तडक रिक्षाने कचेरीत गेले. तरुणाने अदबीने आपली खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

“सगळेच अर्ज अडलेत?”

“नाही सर. रजेचे सुरळीत जातात. बदलीचे आणि बढतीचे अडतात.”

“रजेचे अर्ज ज्या वाटेने जातात, ती सर्व्हरवर कोणी बांधली?”

“मी.”

“आणि बदली-बढतीची?”

“माझ्या आधीपासूनची आहे. कोणास ठाऊक.”

वृद्धांनी मान हलवली आणि सर्व्हर सोडून ते कचेरीतून हिंडू लागले. टेबलं नाही, नुसत्या खुर्च्या न्याहाळत. कोपऱ्यातल्या एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर झेंडूचा सुकलेला हार लटकत होता. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि त्या खुर्चीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

तरुण कानकोंडा झाला. आसपासच्यांनी माना वर केल्या. “सर,” तो हळूच म्हणाला, “सरपोतदार मॅडम गेल्या नाहीत. रिटायर झाल्या.”

“त्या खुशाल आहेत रे. त्यांच्या संगणकावरच्या खात्याचं काय केलंस?”

“निरोपाच्या संध्याकाळीच बंद केलं. नियमच आहे.”

“लाव त्यांना फोन.”

पलीकडून आवाज आला, “अहो, तुम्ही दिलेली शाल पांघरून टीव्ही बघतेय मी. बदली-बढतीची वाट? मीच बांधली होती, माझ्याच नावाने. भाषणं चालली होती तेव्हा सांगणारही होते, पण साहेबांनी हातात नारळ ठेवला आणि फोटोवाल्याने हसायला सांगितलं.”

फोन ठेवून वृद्ध म्हणाले, “बाळा, यंत्र तुला खरं तेच सांगत होतं, परवानगी नाही. तू जगाला परवानगी वाटत सुटलास, पण मागतंय कोण, हे विचारलं नाहीस. सर्व्हर अर्ज नेतो तो ज्याने वाट बांधली त्याच्या नावाने. खातं मिटलं, की ते नाव घेऊन दारात उभं राहणाऱ्याला कोण आत घेणार? खातं बंद केलंस ते योग्यच. मात्र आपण माणसाला हार घालतो, नारळ देतो, गुण गातो; तुमच्या नावावर आमचं काय काय चाललंय, हे तेवढं विचारत नाही.”

“मग मॅडमचं खातं पुन्हा उघडू?”

“नको. निरोप दिलेल्या माणसाच्या खांद्यावर पुन्हा ओझं कशाला? कचेरीच्या नावाचं खातं कर. ते निवृत्त होत नाही.”

तरुणाची बोटं भराभर चालू लागली. नवं खातं झालं, साहेबांनी त्याला मान्यता दिली, वाट त्याच्या नावावर झाली, अडलेले अर्ज पुन्हा पुढे सोडले. प्रमिला केव्हाच त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी होती. भिंतीवरचा काटा पाचाकडे सरकत होता. पडद्यावर तिचं नाव हललं, साहेबांपुढे गेलं, साहेबांनी आतल्या खोलीतून संमती दिली, आणि अक्षरं उमटली: ‘मुख्य कचेरीत पोहोचला’.

प्रमिलाने पदर डोळ्यांना लावला. “आता त्यांनी हो म्हटलं, की झालं,” ती म्हणाली आणि लेकीला फोन लावत बाहेर पडली.

वृद्ध चपला घालू लागले. तरुण अजून पडद्याकडेच पाहत होता.

“सर, रजेची वाट माझ्या नावावर आहे.”

“हं.”

“तीही आजच बदलतो.” मग त्याने उठून खुर्चीवरचा सुकलेला हार अलगद उतरवला.

तुमच्या-आमच्या घरीही कोणाच्या तरी नावावर बरंच काही बिनबोभाट चाललेलं असतं. हार आणायला जाण्याआधी एकदा विचारून ठेवावं.