ऐनवेळचा विषय

एका रानात लोकशाही रुजून बरीच वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. माकडांचा संघ, सायाळींचे मंडळ, सशांची समिती, सगळे भांडून आपापल्या मागण्या मान्य करून घेत. पाणवठ्यावर कोणी कधी यायचे, तेही बहुमताने ठरले. पोपटांनी बातमी दिली, "सत्ता सर्वांच्या हाती!"

सभा संपता संपता हरिणी उठली. "पाणवठ्यावर बिबट्या माझी पिल्ले खातो. दोन गेली, एकच उरलेय. त्याचे काय करता?"

"ताई, हे विषयपत्रिकेत नाही," सचिव कोल्हा नम्रपणे म्हणाला. "ऐनवेळचा विषय अध्यक्षांच्या परवानगीनेच घेता येतो."

"मग घ्या की परवानगी! अध्यक्ष आहेत कुठे?"

"पाणवठ्यावर. तुम्हीच भेटून या ना. पिल्लालाही न्या, साहेबांना लहान मुले फार आवडतात."