पेंढ्याचे वासरू

पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगरापासून दूर, नदीपलीकडच्या एका वस्तीवर गुरे पाळणाऱ्या घरात जन्माला आला होता. थोडीशी जमीन, दोन बैल, ढवळी नावाची गाय आणि अंगणात कोंबड्या, एवढाच त्याचा संसार होता. बायकोचे नाव अनुला. तिचा हात कामाला चपळ होता आणि बोलणे मोजके होते.

त्यांची एकुलती लेक उत्पला बाळंतपणासाठी माहेरी आली आणि मुलगा होऊन त्यातच गेली. गुरांच्या घरात दुःखालाही सवड मिळत नाही. लेकीला नदीकाठी पोचवून आल्यावर अनुलाने त्याच हातांनी शेण काढले, वैरण टाकली आणि कोंबड्या खुराड्यात डालल्या. ती रडली नाही. उत्पलेचे नावही तिने पुन्हा घेतले नाही. शेजारणी म्हणाल्या, बाई मोठी धीराची. बोधिसत्त्वाला त्या धीराची भीती वाटत असे.

पोरक्या नातवाला ढवळीचे दूध होते. ती नुकतीच व्यायली होती. कापसाची वात दुधात भिजवून अनुला ती बाळाच्या ओठांत धरी. अशा रीतीने ते पोर कसेबसे तग धरून होते, तोच ढवळीच्या वासराला हगवण लागली आणि ते मेले. गाय रानात होती. ती परतण्याआधी अनुलाने चांभाराला बोलावून मेलेले वासरू त्याच्या हवाली केले. संध्याकाळी ढवळी हंबरत गोठ्यात शिरली, रिकामा खुंटा हुंगत राहिली आणि तिने पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशीही धार निघाली नाही. बाळ रडून रडून थकले आणि मग गप्प पडून राहू लागले.

अनुलाला उपाय माहीत होता. अंडी काढून घेताना ती खुराड्यात एक पांढरा गोटा ठेवी. कोंबडी तो आपलेच अंडे समजून त्याच जागी पुन्हा बसे. गोट्यावर कोंबडी फसते, तर पेंढ्यावर गाय का फसणार नाही? तिने चांभाराकडून वासराचे कातडे परत आणले, त्यात पेंढा भरून ते शिवले आणि नवऱ्यापुढे ठेवले. बोधिसत्त्वाने बाळाकडे पाहिले. मग त्यानेच ते पेंढ्याचे वासरू उचलून ढवळीच्या पुढ्यात धरले. गाईने ते हुंगले, चाटले, आणि तिची कास भरून आली. बोधिसत्त्व म्हटला तरी त्या दिवशी तो नाही म्हणाला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाळ वाचले. त्याला दात आले, ते पेज खाऊ लागले, कोंबड्यांमागे रांगू लागले. पण पेंढ्याचे वासरू गोठ्यातच राहिले. दूध उरत होते, त्याचे तूप नगरातला एक व्यापारी आवडीने नेत होता, आणि घरात प्रथमच बरे दिवस दिसत होते. कातड्यावरचे केस झडले तसे अनुला त्याला मिठाचे पाणी चोळू लागली, म्हणजे गाय चाटत राहील. ढवळी रानातून सगळ्यांच्या आधी धावत घरी येई. पेंढा उकरायला आलेल्या कोंबड्यांना ती शिंगे रोखून हुसकून लावी. हे पाहून बोधिसत्त्वाला धार काढताना मान वर करवत नसे.

एका संध्याकाळी चाटता चाटता कातड्याची शिवण उसवली आणि पेंढा बाहेर आला. ढवळीने तो पेंढा खाल्ला. आपल्या वासराच्या पोटातला घास चावत तिने पुन्हा त्याची मान चाटायला घेतली, आणि खाली चरवीत दूध पडतच होते. बोधिसत्त्वाने धार अर्धी टाकली आणि तो उठला.

अनुला सुई-दोरा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "आता शिवू नकोस."

ती म्हणाली, "तिचं काय वाईट चाललंय? चाटायला वासरू आहे तिला."

"पान्हा चोरला म्हणून आपण तिला नावं ठेवली. दूध तिचं, वासरू तिचं. चोर तर आपण आहोत."

अनुलाने सुईतला दोरा काढून घेतला. मग हलकेच म्हणाली, "मला कोणी अशी पेंढ्याची पोर आणून दिली असती, तर मी घेतली असती."

"ठाऊक आहे मला," बोधिसत्त्व म्हणाला. "ढवळीला रडायला मिळालं नाही, अनुला. तुलाही नाही."

त्याने गाईसमोर बसून उरलेली शिवण उसवली, सगळा पेंढा काढला आणि रिकामे कातडे तिच्यापुढे पसरले. "ढवळे, तुझं वासरू मेलं," तो म्हणाला. "आम्ही तुला फसवलं." ढवळीने कातडे हुंगले, उलटे केले, त्याखाली हुंगले. मग ती हंबरली. तो आवाज साऱ्या वस्तीने ऐकला. दारात उभी असलेली अनुला तो ऐकत खाली बसली आणि तिच्या तोंडून लेकीचे नाव निघाले. तिने ते पुन्हा पुन्हा घेतले. बाळ घाबरून तिला बिलगले.

त्यानंतर सुख आले असे नाही. ढवळी आटली आणि पुन्हा कधी व्यायली नाही. व्यापारी यायचा थांबला. घरात तूप दिसेना. बोधिसत्त्वाने ते कातडे नदीकाठी पुरले आणि ढवळीला तिथे नेऊन सोडले. ती रोज तिथेच चरू लागली. पुष्कळदा अनुलाही तिथे जाऊन बसे, कारण उत्पलेला त्याच काठावर अग्नी दिला होता.

विहारात जमलेल्या भिक्षूंना आणि उपासकांना ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "त्या वेळची अनुला म्हणजे मेलेल्या मुलीचे अंथरूण अजून रोज संध्याकाळी घालणारी, तिथे दाराशी बसलेली ही उपासिका. ढवळी म्हणजे तिचा हात धरून बसलेली तिची सासू. ते बाळ म्हणजे आपल्यातला सर्वांत धाकटा भिक्षू, आणि गुरे पाळणारा तो मनुष्य मीच होतो. पेंढ्याच्या वासरात मात्र कोणीच नव्हते."

सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात ती हीच.  घरी जाऊन त्या संध्याकाळी उपासिकेने एक अंथरूण कमी घातले आणि मग ती रडली.