दिवा कुठे थांबतो

“…मग पाय थकलेत हे कबूल का करत नाही, महाराज?”

अच्युतने हे हसतच विचारले. केशवगिरी महाराज देवापुढचे निर्माल्य गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठाचा एक नेम होता. संध्याकाळी अच्युतने देवाकडे तोंड करून एका श्वासात शंख फुंकायचा. तो वाजतो आहे तोवर महाराजांनी दिवा घेऊन दाराकडे चालायचे. आवाज थांबला की जिथे असतील तिथे दिवा खाली ठेवायचा.

अच्युत मठात आला तेव्हा दिवा उंबऱ्यापर्यंत जायचा. आता तो सभामंडपाच्या मध्यावरही पोचत नव्हता.

“वय झालं की पावलं आखडतात. त्यात लाज कसली?” अच्युत म्हणाला. “उद्यापासून दिवा दुसऱ्या कुणाकडे द्या. मी सांभाळून घेईन लोकांना.”

महाराजांनी हात पुसले. दिवा उचलला.

“आज वाजवू नकोस. नुसता बघ.”

ते चालू लागले. रोजच्याच चालीने उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. पंचाहत्तर वर्षांचे होते, पण त्यांना धाप लागली नव्हती.

अच्युतचे हसू मावळले.

महाराज वाकले. दिव्याच्या उजेडात फरशीवर तेलाचे काळे डाग दिसले.

“तो दाराजवळचा, तू आलास त्या वर्षीचा. हा खांबापाशी… तुला पहिल्यांदा दम्याचा झटका आला, तालुक्याला नेलं, त्यानंतरचा. हा दुसऱ्या झटक्यानंतरचा. आणि हा दिवाळीपासूनचा.”

“पण प्रत्येक वेळी मी बरा होऊन आलो.”

“आलास.”

“दुसऱ्या दिवशी शंखही वाजवला.”

“वाजवलास.”



“मग मला हे कधी बोलला नाहीत,” अच्युत म्हणाला.

“डॉक्टर म्हणाले होते, बरं वाटलं तरी दम्याचा पंप रोज घ्यायचा. मी दर वेळी विचारलं, घेतलास का? तू काय म्हणायचास?”

अच्युतने कोनाड्याकडे पाहिले. ‘दुखत नाही त्याला औषध कसलं,’ असे तो म्हणायचा. रोजचा पंप सहा महिने कोनाड्यात धूळ खात पडला होता.

तो शेवटच्या डागापाशी बसला. त्यावर बोट ठेवले. तेल अजून ओले होते.

मंडपात शांतता होती, म्हणून त्याच्या छातीतली बारीक शिट्टी दोघांनाही ऐकू आली.

“आजपासून रोज घेतला तर… दिवा पुन्हा दारापर्यंत जाईल?”

महाराजांनी नकारार्थी मान हलवली नाही. होकारार्थीही नाही.

“महाराज…”

त्यांनी कोनाड्यातला पंप आणला आणि धूळ पुसून त्याच्या हातावर ठेवला.

“मला अजून चालायचं आहे, अच्युत.”