ताठ ओंब्यांचा मान

त्या राज्यात दरबारही गव्हाचा होता आणि प्रजाही गव्हाची. दरबार उंच बांधावर, प्रजा खाली खोलगटात. थंडी जड असते. ती बांधावरून घसरून खोलगटात साचते. त्यामुळे दरबाराने गोठलेलं दव कधी पाहिलं नव्हतं, आणि आपण न पाहिलेलं काही नसतंच, यावर दरबाराचं एकमत होतं.

खोलगटाची जुनी रीत होती, की सगळ्यांनी एकदम फुलायचं नाही. काही आधी, काही मागून. दव गोठलंच तर निम्मे तरी वाचावेत. बांधावरून हे गबाळं दिसे. म्हणून सगळ्यांत लांब कुसळांच्या मुखत्याराने वाऱ्याकरवी हुकूम धाडला: उत्सवाच्या सकाळी सगळा खोलगट एकसाथ फुलला पाहिजे.

तिथे एकाच मुळावर दोघे भाऊ होते. थोरल्याने वर निरोप पाठवला, की आभाळ निरभ्र आहे, वारा पडतोय, दव गोठेल, जरा थांबू द्या. उत्तर आलं, की खोलगटाला कुरकुरीची सवयच आहे.

धाकटा फुटवा अजून पोटरीत, पानाच्या गुंडाळीत मिटलेला, होता. तो म्हणाला, "दादा, तू फुलू नकोस. काय करतील ते?"

"मी एकटा राहिलो तर नजरेत येईन, आणि माझ्यामागे तूही. तू पानात दडून राहा. डोकावलास तर कुसळाने टोचीन."

उत्सवाची सकाळ पांढरी उजाडली. बांधावरून ती फार देखणी दिसली. धाकट्याने दादाला हाका मारल्या, मुळातून हलवलं. देठ हिरवाच होता. फक्त ओंबी पांढरी पडली होती.

थंडी ओसरल्यावर धाकटा कुणाला न विचारता फुलला. दादाच्या वाट्याचं पाणीही आता त्यालाच येत होतं. दाणे भरले, तसा तो वाकला. बाकी खोलगट ताठ उभा होता.

दरबार भारावला. काय तो कणा, काय ती निष्ठा. वाकलेल्या धाकट्याला बेशिस्त ठरवलं गेलं, आणि पुढच्या पेरणीचं बी ताठ ओंब्यांचंच घ्यायचं ठरलं.

वारा बी आणायला उतरला. त्याने थोरल्याला हलवलं, मग शेजाऱ्यांना. दाणा एकही पडला नाही. नुसता भुसा उडाला आणि बांधावर, दरबाराच्या डोक्यांवर, पडत राहिला. मुखत्याराला वाटलं, अक्षता पडताहेत. त्याने सगळ्यांना शांत उभं राहायला सांगितलं.